काठवाल्या बाई

कोणी नवं काम घेऊन बाईंच्या टेबलाशी गेलं, की कागदाकडे बघण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा: "काठाचं काय केलंत?" त्यामुळे ऑफिसात त्यांचं नाव पडलं काठवाल्या बाई. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'काठवाल्या'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा साहेबांनी लाडात येऊन विचारलं, "काय म्हणतोय तुमचा काठ?" तर म्हणाल्या, "काठाने काही म्हणू नये, याचाच तर मला पगार मिळतो."

हे वाक्य मला कळायला दोन महिने लागले.

आमचं ऑफिस आवाजाचं. म्हणजे जी गोष्ट अजून बांधलेलीच नाही ती बांधल्यावर किती आवाज करील, हे आधी सांगायचं. कारखान्याचे पंखे, रस्ते, पाण्याचे पंप, काहीही. नकाशावर रंग भरायचे. लाल म्हणजे गोंगाट, निळं म्हणजे शांत. तो रिपोर्ट सरकारी खात्यात गेला की परवानगी मिळायची. जे आहे त्याचा आवाज मोजणं माझं काम. माइक, तिवई, तारांची भेंडोळी आणि उन्हावाऱ्यात तासन्‌तास उभं राहायची तयारी, एवढंच माझं भांडवल. म्हणून मी 'माइकवाले'. आणि जे अजून नाही त्याचा आवाज कॉम्प्युटरवर काढणं बाईंचं काम. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या खाली कवळ्या बनवणाऱ्याची कार्यशाळा. दिवसभर दात घासल्याचा किर्रर्र आवाज. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

एका दुपारी मी बाईंना विचारलं, "आवाज काढायचा पंख्याचा. मग तुम्ही सगळा वेळ काठाशी काय करत बसता?"

त्या उठल्या, चहाच्या खोलीत गेल्या, मोठा ट्रे घेतला, त्यात दोन बोटं पाणी ओतलं आणि मधोमध चमच्याने टिचकी मारली. लाटा कडेपर्यंत गेल्या, आपटल्या आणि उलट आल्या. बघता बघता ट्रेभर नुसती गिचमिड.

"बाहेर मोकळ्यावर आवाज असा परत येतो?"

"नाही. गेला तो गेला."

"गेला तो गेला. पण कॉम्प्युटरात मी मोकळं कुठून आणू? आभाळ मावत नाही त्यात. कुठेतरी रेघ मारून म्हणावंच लागतं की इथपर्यंत माझं जग. आणि रेघ मारली की तिची भिंत होते. जो आवाज खऱ्या जगात कधी परत आला नसता, तो माझ्याकडे परत येतो. आणि कागदावर खरा कुठला आणि परतलेला कुठला, काही कळत नाही."

मग त्यांनी भांडी घासायचे स्पंज ट्रेच्या कडेने लावले आणि पुन्हा टिचकी मारली. बारीक लाटा स्पंजात शिरल्या आणि विरल्या. मी "वा" म्हणालो.

"घाई नको." त्यांनी ट्रेचं एक टोक हलकेच उचलून खाली ठेवलं. सगळं पाणी एकदम हिंदकळलं, स्पंजातून आरपार कडेला गेलं आणि सावकाश, आरामात परत आलं. "लांब लाटेला बोटभर स्पंज दिसतसुद्धा नाही. लाट जेवढी लांब त्याच्या दुप्पट स्पंज हवा. घुमणारे, खालचे सूर असतात ना, त्यांची लाट दहा-बारा मीटरांची असते. म्हणजे माझ्या नकाशाभोवती वीस-पंचवीस मीटर नुसता स्पंज. त्या पट्ट्यात कॉम्प्युटर दिवसचे दिवस राबतो आणि शेवटी काय, तर तिथे काही झालं नाही पाहिजे."

ट्रे पुसून जागेवर ठेवला आणि त्या कामाला लागल्या.

बाईंचे वडील लिफ्टदुरुस्तीवाले. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून आधी एकटे वर-खाली जायचे, मगच इतरांना चढू द्यायचे. बाई त्याच वळणाच्या. गणितात मोठी पदवी, मग विद्यापीठात सहा वर्षं हंगामी. तिथे त्यांनी आवाजाचा तो प्रोग्राम लिहिला. पक्की नेमणूक दुसऱ्याची झाली, तेव्हा प्रोग्राम घेऊन आमच्याकडे आल्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी तो ऑफिसच्या नावावर लिहून घेतला. बाईंनी कागद न वाचता सही केली. "मला काम करायला मिळालं म्हणजे झालं," असं म्हणाल्या होत्या.

प्रत्येक रन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं सगळं गणित, त्या दोनदा करायच्या. दुसऱ्यांदा सगळं क्षेत्र मोठं करून, काठ लांब ढकलून. घरापाशी आवाजाचा आकडा तोच आला तर ठीक. बदलला तर काठ बोलतोय. याला त्या 'दुसरा फेरा' म्हणायच्या. दुसरा फेरा झाल्याशिवाय रिपोर्टावर सही नाही. ऑफिसची नियमपुस्तिकासुद्धा त्यांनीच लिहिली: स्पंज सर्वांत लांब लाटेच्या दुप्पट, आणि दुसरा फेरा सक्तीचा.

त्यांचा नवरा सरकारी दवाखान्याच्या खिडकीत औषधं द्यायचा. नाकासमोर चालणारा माणूस. फावल्या वेळात शब्दकोडी सोडवायचा आणि अडलं की जेवताना विचारायचा. एकुलती एक लेक, तिला आम्ही 'आईची आई' म्हणायचो, कारण बाई चष्मा, किल्ल्या, छत्री काय काय विसरल्या याची यादी तिच्याकडे असायची. मी बरेचदा त्यांच्याकडे जायचो. माझी बायको गेल्यावर तर आठवड्यातून एक जेवण तिथेच.

मी त्यांच्याबरोबर काम करायला लागून अकरा वर्षं झाली होती, तेव्हा ते भुयाराचं काम आलं.

टेकडीखालून रस्त्याचं भुयार जाणार होतं. आतला धूर बाहेर ओढायला टेकडीच्या पायथ्याशी पंख्यांची इमारत, आणि तिच्या समोर अकरा घरांची एक ओळ. जुनी, बैठी, कष्टकऱ्यांची घरं. बाईंनी गणित पूर्ण केलं, दुसरा फेरा केला, सगळं नीट होतं. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता आणि सोमवारी पंखेवाल्यांनी पंखेच बदलले. लहान, जोरात फिरणारे जाऊन मोठे, संथ आले. सात पात्यांचे, मिनिटाला दोनशे चाळीस फेरे. म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस कंपनं, अगदी खालचा सूर, बारा मीटरची लाट.

मंगळवारी सकाळी मी माझ्या मोजणीचे कागद द्यायला साहेबांच्या खोलीत गेलो, तेव्हा बाई तिथे उभ्या होत्या.

"एक रन चार दिवस घेतो," त्या सांगत होत्या. "पंचवीस मीटरचा स्पंज लावावाच लागेल. शिवाय दुसरा फेरा."

"काठ आत घ्या," साहेब म्हणाले. "स्पंज किती ठेवला तर गुरुवारी होईल?"

"तीन मीटर. पण खालचा सूर परत येईल."

"किती?"

"ते चालवून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघू नका," साहेब हसले. मीही हसलो. "अहो, काठावर पास झालेलाही पासच असतो. शुक्रवार चुकला तर काम दुसऱ्याकडे जाईल. दुसरा फेरा नंतर सावकाश करा, मी कुठे नाही म्हणतोय? आणि हो, पुढच्या महिन्यापासून विभागप्रमुख तुम्ही. पत्र टाइप व्हायला दिलंय."

विभागप्रमुखाची ती खुर्ची बाईंना अकरा वर्षांत तीनदा हुलकावणी देऊन गेली होती. तीनही वेळा तिच्यावर बसलेल्या माणसाला त्यांनीच काम शिकवलं होतं. मी तिथे होतो. माझ्या हातात कागद होते आणि मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होतो.

गुरुवारी दुपारी नकाशा आला. अकराही घरं निळी. बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"फार छान आलंय," म्हणाल्या.

"मग तोंड का पडलंय?"

"फार छान आलंय, म्हणूनच."

शुक्रवारी त्यांनी सही केली. दुसरा फेरा नंतर करायचा होता, तो राहिला. सोमवारी पंपांचं काम आलं, मग एक इस्पितळ, मग कामांची साखळीच. बाई विभागप्रमुख झाल्या. नवऱ्याने आणि लेकीने मिळून त्यांना एक भारी पेन दिलं. मला नवा माइक मिळाला.

भुयार तीन वर्षांनी सुरू झालं. तक्रारी आल्याचं कानावर येत होतं, पण रस्ता झाला की तक्रारी येतातच. खात्याचा तपासनीस एकदा जाऊन आला. काही आढळलं नाही असं लिहून गेला. मग एक दिवस एक म्हातारी आमचा जिना चढून वर आली. शिवणकाम करणारी होती. बोटांना सुयांचे घट्टे, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. हातात आमच्या रिपोर्टाची छायाप्रत.

"काठवाल्या बाई कोण?" तिने विचारलं. खाली सहीच्या बाजूला नाव होतं, पण खात्यातल्या कोणीतरी तिला टोपणनावच सांगितलं होतं.

"मीच."

शिवणवाल्या आजींनी नकाशा टेबलावर पसरला आणि शेवटच्या घरावर बोट ठेवलं. "हे माझं घर. याच्यावर निळा रंग आहे. निळा म्हणजे काय?"

"शांत," बाई म्हणाल्या.

"मग एक दिवस तुमच्या निळ्यात येऊन बसा."

त्याच दुपारी आम्ही गेलो. बाहेरून काहीच नवल वाटेना. रस्त्याचा आवाज, एक कुत्रं, कोणाचा तरी रेडिओ. आत गेलो आणि माझ्या छातीवर कोणीतरी हलकेच तळवा ठेवल्यासारखं झालं. तो आवाज कानाला ऐकू येण्याच्या आधी अंगाला कळत होता. आजींचं मशीन खोलीच्या टोकाला भिंतीशी होतं. मशीनवर टाचण्यांचा पत्र्याचा डबा ठेवला होता, तो बारीक थरथरत होता.

"त्या तपासनिसाने कुठे मोजलं?" बाईंनी विचारलं.

"इथे, मधोमध. दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, आजी, इथे काही नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. बंद खोलीत असा सूर मधोमध मरतो आणि भिंतींपाशी फुगतो, हे दोघांनाही माहीत होतं. मी माइक मशीनपाशी लावला, मग बाहेर ओट्यासमोर. अठ्ठावीस कंपनं. ओट्यासमोर आमच्या रिपोर्टात लिहिलं होतं त्याहून दहा डेसिबल जास्त. कानाला ते दुपटीहून जास्त.

"आहे ना?" आजींनी विचारलं. "मशीनवर आहे ना काहीतरी?"

"आहे," मी म्हणालो.

आजी खाली बसल्या. दोन वर्षं त्या सांगत होत्या आणि घरातली माणसं म्हणत होती, वय झालं. मुलाने आधी कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मग डोक्याच्या. दिवसाला तीन गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी हात कापायला लागला आणि दोऱ्याचं सुईत जाणं बंद झालं. पुढच्या महिन्यात मुलगा त्यांना दुसऱ्या गावी आपल्याकडे नेणार होता. "एवढं त्याला लिहून द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसच्या कागदावर द्या. आई वेडी नाही एवढंच."

बाईंनी तिथेच, मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं गणित बाहेर काढलं. पंचवीस मीटर स्पंज, चार दिवस रन. पाचव्या दिवशी मला बोलावलं. अकराही घरं लाल होती. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून त्या मोजपट्टीने दाखवायला लागल्या. आवाजात चढउतार नव्हता, वर्गात शिकवावं तसं.

"घरं बाहेरच्या काठापासून सहा मीटरवर. लाट बारा मीटरची. म्हणजे बरोबर निम्म्यावर. स्पंज पातळ, म्हणून सूर आरपार गेला, काठावर आपटला, उलटा होऊन परत आला आणि नेमका इथे येणाऱ्या सुराला खाऊन बसला. तीन मीटर अलीकडे असती ना घरं, तर आवाज उलट वाढून दिसला असता आणि मी तेव्हाच पकडलं असतं." मग पट्टी खाली ठेवली. "नाही. दुसरा फेरा केला असता तर पकडलं असतं. घरांना कशाला बोल लावू."

साहेब म्हणाले, पुढच्या रिपोर्टांत एक परिच्छेद टाकू, गणिताला मर्यादा असतात म्हणून. बाई म्हणाल्या, "चूक गणिताच्या मर्यादेची नव्हती. मर्यादा आपण तोडली." आणि दोन्ही नकाशे, माझी मोजणी आणि स्वतःच्या सहीचं दोन पानी पत्र त्यांनी खात्याला पाठवून दिलं. चूक काय, कशी झाली, दुरुस्तीला कुठला सायलेन्सर लागेल, सगळं. नवऱ्याला रात्रीच्या जेवणाला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा वकिलाला दाखवायचं होतंस." त्या म्हणाल्या, "खरं लिहायला वकील कशाला?"

खात्याने तीन जणांची समिती बसवली. साहेब नव्या कोटात आले आणि त्यांनी दोनच कागद पुढे ठेवले. एक, बाईंची सही असलेला रिपोर्ट. दुसरा, ऑफिसची नियमपुस्तिका. त्यात पांढऱ्यावर काळं होतं: स्पंज दुप्पट, दुसरा फेरा सक्तीचा. "नियम यांनीच लिहिलेत," साहेब म्हणाले, "आणि यांनीच मोडलेत. आमचा विश्वास होता यांच्यावर."

बाई म्हणाल्या, "काठ आत घ्या असं मला सांगण्यात आलं. मी ऐकलं, ती माझी चूक. पण सांगण्यात आलं."

"कोणासमोर?"

"माइकवाले होते."

मला आत बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे तीन पेले, खिडकीची एक झडप मोडलेली. अध्यक्षबाईंनी सरळ विचारलं, "त्या मंगळवारी खोलीत तुमच्यासमोर स्पंज कमी करण्याबद्दल काही बोलणं झालं?"

मला त्रेपन्न वर्षं झाली होती. माइक धरण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि आवाज मोजणारी ऑफिसं त्या शहरात दोनच. दुसऱ्याचा मालक साहेबांचा मेहुणा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील, असं मी स्वतःला वाटेत सांगत आलो होतो. ही कारणं मी अजून कोणाला सांगितली नाहीत, कारण ती कारणं नाहीत. मी भ्यालो होतो, एवढंच.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि तशाच लिहीत राहिल्या.

निकाल लागला. बाईंना पाच वर्षं कुठल्याही रिपोर्टावर सही करायला बंदी. ऑफिसला समज. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात बाईंचं पूर्ण नाव आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. का गेलो, माहीत नाही. मंगळवार होता, माझं जेवण तिथे असायचं, पाय वळले. लेकीने दार उघडलं, आत घेतलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. वर्तमानपत्र टेबलावर होतं. नवरा ताटं मांडत होता आणि त्याने माझंही ताट मांडलं.

लेकीने माझ्यासमोरच विचारलं, "आई, सही करताना तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग का केलीस?"

बाईंना मला वाचवायचं असतं किंवा बुडवायचं असतं, तर वेळ हीच होती. त्या म्हणाल्या, "मला प्रमुख व्हायचं होतं."

लेक उठून आत गेली. नवरा हळूच म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार आहे सगळा." बाई म्हणाल्या, "संन्यासी कोण यात? मी नाही." मी मूग गिळून जेवलो. पूर्ण जेवलो, दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही आणि कोणी बोलावलंही नाही.

पुढचं आणखी विचित्र. अकरा घरांनी नुकसानीचा दावा लावला, त्यात पहिलं नाव बाईंचं. त्यांच्या वकिलाला सगळ्या कागदांत चूक कबूल करणारा कागद एकच सापडला होता, बाईंचं पत्र. घरवाल्यांचा पुढारी निवृत्त बसचालक होता, भला माणूस. कोर्टाच्या पायरीवर तो बाईंना म्हणाला, "बाई, आमचा राग तुमच्यावर नाही हो. पण कागदावर तुम्हीच सापडता." बाई म्हणाल्या, "खरं आहे." दुसरं काय म्हणणार?

आणि दुरुस्तीचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. साहेबांनी बाईंचाच प्रोग्राम चालवला, बाईंनीच सुचवलेला सायलेन्सर सुचवला. खाली सही बाईंच्या जागी आलेल्या नव्या विभागप्रमुखाची. तीन वर्षांनी सायलेन्सर बसला. बसल्यावर मोजायला मी गेलो. चौदा डेसिबल कमी. मोजणी झाल्यावर मी शेवटच्या घराशी थांबलो. तिथे आता दुसरी माणसं राहत होती. त्यांच्याकडून शिवणवाल्या आजींच्या मुलाचा नंबर घेतला आणि फोन करून सांगितलं की आवाज खरा होता, आता बंद झालाय.

"तुमच्या बाईंनी लिहून दिलेला कागद आईने दाखवला होता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या एकदम थांबवता येणार नाहीत. आणि आई रुळलीय इथे. काही बोलत नाही, शांत असते. आता पुन्हा ते कशाला उकरायचं?" मशीन त्याने केव्हाच विकलं होतं.

निवृत्तीच्या आधी आम्हाला कान तपासून घ्यावे लागतात. मी सरकारी दवाखान्यात गेलो, नंबर लागला, आत गेलो, तर यंत्रापाशी बाई. केस पांढरे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नवऱ्याने ओळखीने ती जागा मिळवून दिली होती. बंदीची पाच वर्षं केव्हाच संपली होती, पण त्यांना परत कोणी बोलावलं नव्हतं.

"बसा आत," त्या म्हणाल्या. काचेची छोटी खोली, भिंतींना जाड गाद्या. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन नीट बसवले, हातात बटण दिलं. "सूर ऐकू आला की दाबायचं. आला नाही तर दाबायचं नाही. अंदाजाने दाबू नका."

दार लागलं. सूर यायला लागले. मी दाबत गेलो. मधे एकदा मी काचेकडे बघून म्हणालो, "बाई, मला आठवत होतं."

हेडफोनमधून त्यांचा आवाज आला. "बोलू नका. परत करावं लागेल."

आणि पुढचा सूर लावला.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी मी खात्याला पत्र लिहिलं. त्या मंगळवारी काय बोलणं झालं, शब्दन्‌शब्द. साहेब तोवर धंदा मुलाच्या हवाली करून मोकळे झाले होते. माझं आता कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. म्हणजे ते पत्र लिहायला काडीचंही धैर्य लागलं नाही. उत्तर आलं: प्रकरण बंद झाले आहे, आपल्या माहितीची नोंद घेतली. ते उत्तर आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "तीन मीटर मी म्हटलं होतं. तुम्ही इथे साहेबांच्या तोंडी घातलंय."

"बदलतो."

"आता कशाला?" त्यांनी कागद घडी घालून मला परत दिले. "निवृत्तीनंतर आठवण सुधारली तुमची."

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मी काहीतरी बोलायला गेलो, लेक काय करते असं विचारलं. ती परगावी वकिली शिकली आणि तिथेच राहिली, असं त्या म्हणाल्या. वर्षाकाठी एकदा येते. तेवढ्यात एक आई कानाला हात लावून रडणाऱ्या पोरीला घेऊन दारात आली, आणि बाई उठून तिच्याकडे गेल्या.